खाली काय आहे ते सांगा

(जिल्ह्यातील स्त्री-गटांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)

गेली दहा-अकरा वर्षं या मेळाव्यात मी बोलते आहे. कधी पोटगीवर बोलले, कधी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर, एकदा तर पाऊण तास नुसत्या रेशनकार्डावर. यंदा संयोजक मैत्रिणींनी सांगितलं, ‘तुझ्या त्या उडीवर बोल.’ मी म्हटलं, अगं, बायका दोन-दोन एस.टी. बदलून येतात, त्यांना विमानातून उडी मारल्याच्या गोष्टी काय सांगायच्या? त्यावर एक जण म्हणाली, ‘दरवर्षी रडवतेस, एकदा हसव की!’ म्हणून बोलते. हसू येईल तिथे जरूर हसा. पण मला जे सांगायचं आहे ते नुसतं गमतीचं नाही.

सुरुवात आमच्या सल्लाकेंद्रातल्या टेबलापासून करते. दोन वर्षांपूर्वी एक बाई आली. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मार नेहमीचा. मी शिकल्याप्रमाणे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टिपून घेतलं आणि शेवटी म्हटलं, ‘ताई, एकदा हिंमत करा. बाहेर पडा.’ ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही उडी मार म्हणता. मारते. पण खाली काय आहे ते सांगा.’

माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. उत्तर नव्हतं. मी तिला चहा पाजला आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

तिच्या उत्तराच्या शोधात मी विमानात चढले, असं म्हणाले तर ते खोटं होईल. झालं असं, की एम.एस.डब्ल्यू.च्या वेळची एक मैत्रीण दिल्लीला काम करते. तिने आणि तिच्या कचेरीतल्या एकीने उडीसाठी नाव घातलं होतं. त्या दुसरीचं रद्द झालं. मैत्रिणीने मला फोन केला, आणि नेमकी त्याच महिन्यात मला भिशी लागली होती. पैसे वॉशिंग मशीनसाठी ठेवले होते. माझ्या एका महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त रक्कम. तीन रात्री झोप लागली नाही. भीतीने नव्हे. स्वतःवर एवढे पैसे खर्चायचे, तेही ज्यातून घरात एक वस्तूसुद्धा येणार नाही, हे मनाला पटेना. तुमच्यातल्या कितीजणींनी केवळ आपल्याला वाटलं म्हणून एवढा खर्च केला आहे, हात वर करा. बघा, किती हात दिसतात ते.

परवानगी कोणाची?

बुकिंगच्या चौकशीसाठी आधी एका प्रवास-एजंटाला फोन केला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मिस्टरांना माहीत आहे ना?’ मी विचारलं, ‘पुरुषांनी फोन केला तर मिसेसना माहीत आहे का, असं विचारता का?’ तो हसला. पुढे प्रत्यक्ष फॉर्म हातात आला तेव्हा पाहिलं. वय, वजन, उंची, आजार, ऑपरेशन, दिवस आहेत का, अपघात झाल्यास कोणाला कळवायचं. नवऱ्याच्या संमतीचा रकानाच नव्हता! अठरा वर्षं पूर्ण असली की सही आपली आपण करायची. म्हणजे नियमात नसलेली परवानगी तो माणूस स्वतःच्या मनाने मागत होता. आपल्या कामात तरी दुसरं काय असतं? कायद्यात नसलेल्या अटी बाईला तोंडी सांगितल्या जातात, आणि तिला त्या कायद्यातल्याच वाटतात.

घरी नवऱ्याने विचारलं, ‘विमा चालू आहे ना?’ सासूबाई म्हणाल्या, ‘पडायला पैसे द्यायचे? आपल्या माडीचा जिना काय वाईट आहे?’ मुलगी नऊ वर्षांची. ती म्हणाली, ‘मलापण.’

दुसरा अडथळा वजनाचा. बहुतेक ठिकाणी नव्वद-शंभर किलोच्या आसपास मर्यादा असते. माझं अठ्ठ्याहत्तर. तिथे सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात. मला लाज वाटली. पण तिथल्या माणसाने आकडा लिहून घेतला आणि ‘पुढचे’ म्हणाला. बाईचं वजन म्हणजे नुसता एक आकडा, ज्याच्यावरून छत्रीचा हिशोब करायचा, असं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. टोमणा नाही, सल्ला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सही. जखम झाली, मृत्यू झाला तर जबाबदारी माझी, असं पानोपानी लिहिलेलं असतं. सगळे भराभर सह्या करत होते. आपण गावोगाव सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका. म्हणून मी बसून शब्दन् शब्द वाचला. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. होऊ दिला.

सुरुवात करायचे तीन मार्ग

आता मुळात हा प्रकार काय असतो ते सांगते, कारण कोणाच्या मुलीला, सुनेला, किंवा तुम्हालाच जायचं असेल तर माहीत असावं. विमानातून उडी मारायला शिकण्याचे साधारण तीन मार्ग आहेत.

पहिल्याला टँडम म्हणतात. तुम्ही पुढे, प्रशिक्षक मागे. तुमच्या अंगावरच्या पट्ट्या त्याच्या पट्ट्यांना खांद्याशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार ठिकाणी अडकवतात. पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं, दोघांचं वजन पेलेल एवढं मोठं. जमिनीवरचं शिक्षण अर्धा-पाऊण तासाचं. ही पद्धत १९८०च्या दशकात आली आणि सामान्य माणसाला पहिल्याच दिवशी उडी शक्य झाली.

दुसरी जुनी पद्धत, स्टॅटिक लाइनची. सैनिक असेच शिकतात. एकटीने, कमी उंचीवरून उडी मारायची. दोरीचं एक टोक विमानाला बांधलेलं असतं. तुम्ही बाहेर पडलात की दोरी ताणली जाते आणि पॅराशूट आपोआप उघडतं. इथे हवेत पडणं जवळजवळ नाही. पण छत्री उघडल्यावर उतरायचं तुमचं तुम्ही, म्हणून जमिनीवरचा सराव भरपूर.

तिसरी पद्धत ज्यांना खरंच हा खेळ शिकायचा आहे त्यांची. तिला ए.एफ.एफ. म्हणतात. आधी जमिनीवर वर्ग. मग दहा-तेरा हजार फुटांवरून उडी. दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, पण पॅराशूट तुमच्याच पाठीवर आणि ते उघडायचंही तुम्हीच. शिकणाऱ्याने साधारण साडेपाच हजार फुटांवर उघडावं असं शिकवतात. अशा सात-आठ पायऱ्या, मग एकटीने सराव. अमेरिकेतल्या संघटनेचा पहिला परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात.

मी पहिल्या मार्गाने गेले. म्हणजे खरं सांगायचं तर मी उडी मारली नाही, मला घेऊन एकाने मारली. हे आधीच कबूल करते. नाहीतर उद्या तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ताई फुशारकी मारतात.

दोन छत्र्या

तिथे मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती पाठीवरची पिशवी. तिच्यात दोन पॅराशूट असतात. एक मुख्य, एक राखीव. मुख्य उघडलं नाही, किंवा उघडून गुंतलं, तर ते अंगापासून सोडून द्यायचं आणि राखीव उघडायचं. मुख्य पॅराशूट प्रत्येक उडीनंतर पुन्हा घडी घालून भरतात. राखीव मात्र कोणीही भरायचं नाही. त्यासाठी परवाना असलेला वेगळा माणूस असतो, आणि अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ते वापरलं नसलं तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं. ‘लागलंच नाही, मग कशाला बघायचं?’ हा विचार तिथे चालत नाही.

शिवाय त्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि पडण्याचा वेग मोजत राहतं. ठरावीक उंचीच्या खालीही तुम्ही वेगाने पडत असाल, बेशुद्ध असाल, गोंधळला असाल, तर ते स्वतःहून राखीव छत्री उघडतं. १९९१ सालापासून या यंत्रांचा चांगला नमुना मिळू लागला आणि हळूहळू ती सगळीकडे रूढ झाली.

एवढं सगळं असूनही धोका शून्य होत नाही. माणसं जखमी होतात, कधी मरतातही. तुम्ही गेलात तर प्रशिक्षकाचा परवाना मागून बघा. राखीव पॅराशूट शेवटचं कधी भरलं त्याची तारीख विचारा. ते यंत्र चालू आहे का, विचारा. पाठीचं दुखणं असेल, दिवस असतील, तर जाऊ नका. वारा जास्त आहे म्हणून थांबवलं तर कुरकुर करू नका. आम्हाला पहिल्या दिवशी परत पाठवलं होतं. मैत्रिणीच्या घरी येऊन मटार सोलत बसलो.

आपल्या आधीच्या

ही छत्री आज पिशवीत घडी घालून बसते, त्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात आहे. जर्मनीतली केथे पाउलुस, जन्म १८६८चा. शिवणावर पोट भरणारी. फुग्यातून उड्या मारणाऱ्या एका माणसाशी तिची ओळख झाली आणि तीही उड्या मारू लागली. १८९४ साली त्याचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो तिच्यादेखत कोसळून मेला. पुढे पुन्हा ती उभी राहिली. पॅराशूट घडी करून पिशवीत भरायची पद्धत तिने बसवली. तिचा एक प्रयोग लोक श्वास रोखून बघत. एक छत्री उघडायची, हवेत ती सोडून द्यायची आणि दुसरी उघडायची. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी तिने सुमारे सात हजार पॅराशूट तयार केली.

दुसरी अमेरिकेतली. जॉर्जिया ब्रॉडविक, पण चणीने इतकी लहान की सगळे ‘टायनी’ म्हणत. तिची कहाणी ऐकली की आपल्याकडचीच वाटेल. जन्म १८९३चा. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी मूल, मग सूतगिरणीत काम. १९०७ साली जत्रेत तिने फुग्यातून उडी मारणाऱ्यांचा खेळ बघितला आणि मला घ्या म्हणून मागे लागली. मुलगी आपल्या आईकडे ठेवली. १९०८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पहिली उडी. १९१३ साली ती विमानातून पॅराशूटने उतरणारी पहिली स्त्री ठरली. पुढच्या वर्षी सैन्यापुढे प्रात्यक्षिक दाखवताना तिने विमानाला बांधलेली दोरी लांब ठेवलीच नाही, तोडून टाकली, आणि पडता पडता स्वतःच्या हाताने छत्री उघडली. एवढं करूनही जत्रेत तिला झालरीचा झगा घालून ‘बाहुली’ म्हणून उभं करत. ते तिला आवडत नसे.

आपल्याकडे हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा १९५९ साली पॅराशूटने उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री झाल्या. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस यांनी १९७९ साली आग्र्याला पहिली उडी मारली आणि २००२ साली उत्तर ध्रुवावर सात हजार फुटांवरून. आणि पुण्याची शीतल महाजन. तिने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली, तेव्हा ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिने थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीत काय काय करता येतं हे आपल्या आज्यांना विचारा. त्या त्यात शेत नांगरत, झाडावर चढत, घोड्यावर बसत.

आणि पैशांचं म्हणाल, तर आपल्या वस्तीतल्या मुलींसाठी एक वाट आहे. कॉलेजात एन.सी.सी. असेल तर निवड झालेल्या मुलींना आग्र्याच्या सैनिकी शाळेत पॅराशूटचा प्राथमिक कोर्स करता येतो. जागा थोड्या असतात, पण मुलींसाठीही असतात. हे आपल्या मुलींना सांगा.

दारात

आम्ही गेलो होतो हरियाणात, नारनौलजवळच्या बाछोदच्या धावपट्टीवर. जानेवारी महिना. सगळीकडे मोहरी फुललेली, मागे अरवलीच्या टेकड्या. गळ्यातलं, कानातलं काढा, म्हणाले. एका बाईचा हात मंगळसूत्रावर थांबला. प्रशिक्षकाने चिकटपट्टी आणून दिली आणि म्हणाला, ‘आत घालून चिकटवा, पण लोंबायला नको.’ विषय संपला. आपण तिथे असतो तर तासभर चर्चा घेतली असती!

मग सराव. पाच गोष्टी पाठ करायच्या. दारात पाय विमानाखाली मुडपायचे. डोकं मागे टाकायचं. हात छातीवरच्या पट्ट्यांना. खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. उतरताना पाय उचलायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगाची कमान. पोट पुढे, छाती पुढे, हातपाय मागे. मला ते जमेना. मी आपली पुन्हा पुन्हा खांदे आत घ्यायचे. प्रशिक्षक म्हणाला, ‘मॅडम, घाबरून गोळा झालात तर हवेत गिरक्या खाल. अंग उघडं ठेवलंत तर सरळ पडाल.’ वयात आल्यापासून आपल्याला काय शिकवलं? छाती पुढे काढून चालू नकोस. खांदे आवर. पाय जुळवून बस. चोवीस-पंचवीस वर्षं मी जी काळजी घेतली, तीच हवेत धोक्याची ठरणार होती. सतरंजीवर पालथी पडून मी पंधरा-वीस वेळा कमान केली तेव्हा कुठे तो ‘ठीक’ म्हणाला.

आणखी एक बारीक गोष्ट सांगते. त्या पट्ट्या मांड्यांवरून, छातीवरून जातात आणि घट्ट आवळाव्या लागतात. माझा प्रशिक्षक पुरुष होता. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी तो सांगायचा. ‘आता उजव्या मांडीचा पट्टा आवळतो. आता छातीचा. त्रास होतो का?’ मी हो म्हणेपर्यंत थांबायचा. कामाची घाई होती, तरी थांबायचा. म्हणजे हे जमतं. दवाखान्यात, बसमध्ये, पोलीस ठाण्यात बाईच्या अंगाला हात लावताना जे ‘जमत नाही’ म्हणतात, त्यांना सांगा, जमतं.

विमान छोटं. बाकं नाहीत. जमिनीवर एकमेकांच्या पायांत पाय घालून बसायचं, आपल्या वडाप जीपसारखं. दहा हजार फुटांपर्यंत चढायला बराच वेळ लागतो, आणि तोच वेळ सगळ्यात वाईट. मनगटावरच्या घड्याळात उंची दिसते. माझ्या समोर एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. दार उघडलं, थंड वारा आत घुसला आणि ती मान हलवून म्हणाली, ‘नाही.’ तिच्या प्रशिक्षकाने एकदा विचारलं, ‘नक्की?’ ती म्हणाली, ‘नक्की.’ तो बाजूला सरकला. ती विमानातूनच खाली आली. खाली कोणी हसलं नाही. तिलाही आमच्यासारखाच चहा मिळाला. उडी न मारण्याचा हक्क दारात उभं राहीपर्यंत शाबूत असतो, हे मला उडीपेक्षाही मोठं वाटलं.

मग माझी पाळी. पाय बाहेर. खाली पिवळे-हिरवे तुकडे. त्या क्षणी मला कोणी ‘हिंमत करा’ म्हटलं नाही. कानात एवढंच आलं, ‘डोकं मागे.’ मी डोकं मागे केलं. आणि गेलो.

पोटात गोळा येईल वाटलं होतं, तसा आला नाही. आवाज मात्र भयंकर. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, गालांची कातडी कानांकडे पळते. मी ओरडत होते म्हणे. मला स्वतःला ऐकू येत नव्हतं. तीसेक सेकंद. मग वर खेचल्यासारखा झटका आणि एकदम शांतता. इतकी शांतता मी घरात, कचेरीत, सभेत, कुठेच अनुभवली नाही. प्रशिक्षकाने दोन्ही दांड्या माझ्या हातात दिल्या. उजवी ओढली की उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. पाच-सहा मिनिटं मी ते अवजड धूड वळवत होते. उतरताना पाय उचलले आणि बसूनच घसरलो. उभी राहिले तर गुडघे लटलटत होते. रडू आलं. का आलं, ते विचारू नका.

कुंपणापलीकडे दोन बायका डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन उभ्या होत्या. एकीने पदर जरा मागे सारून विचारलं, भीती वाटली का? मी म्हटलं, खूप वाटली. ती दुसरीला म्हणाली, ‘बघ, खरं बोलते.’ आणि दोघी निघून गेल्या.

ठरवायची उंची

संध्याकाळी तिथे तिसऱ्या मार्गाने शिकणाऱ्यांचा वर्ग चालू होता. मी मागे बसून ऐकलं. पॅराशूट नीट उघडलं नाही तर काय करायचं, हा धडा. शिक्षक सांगत होते, थोडा वेळ दुरुस्त करायचा प्रयत्न करा, पण अडीच हजार फुटांपर्यंतच. त्याच्या आत ठरवायचं. त्यानंतर पहिल्या छत्रीशी झगडत बसायचं नाही. सोडायची आणि दुसरी उघडायची. आणि ही उंची हवेत ठरवायची नसते. जमिनीवर, डोकं शांत असताना ठरवायची. कारण पडताना प्रत्येकाला वाटतं, अजून एकदा ओढून बघू, अजून एकदा, सुटेल.

मैत्रिणींनो, मला आमचं टेबल दिसायला लागलं. ‘सुधारेल, ताई. अजून एकदा बघते. दिवाळीपर्यंत बघते. मूल शाळेत जाईपर्यंत बघते.’ आणि आपण काय करतो? तिला हिंमत करायला सांगतो. हिंमत कमी आहे म्हणून ती राहते, असं आपण धरून चालतो. इतक्या वर्षांत मी किती बायांना असं सांगितलं असेल! मला मात्र दहा हजार फुटांवर नेताना कोणी माझ्या हिंमतीवर एक रुपयाही लावला नव्हता. दोन छत्र्या, एक यंत्र, चार हुक, तीन वेळा तपासणी, आणि पाठीशी एक माणूस. एवढं सगळं असल्यावर भित्रं माणूसही उडी मारतं. मी मारली.

ही तुलना फार ताणू नये, हे मला कळतं. मी पैसे भरून, हौसेने गेले. ती हौसेने मार खात नाही. मला नको असतं तर विमान परत घेऊन आलं असतं. तिच्या विमानालाच आग लागलेली आहे. पण म्हणूनच तर तिला दुसऱ्या छत्रीची गरज माझ्यापेक्षा जास्त.

परत आल्यावर आम्ही केंद्रात एक साधा बदल केला. ‘बाहेर पड’ हे वाक्य पहिल्या भेटीत बोलायचं नाही. आधी दुसरी छत्री मोजायची. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा यांच्या प्रती कुठे आहेत? तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं आहे का, आणि पासबुक कोणाकडे? रात्री दोन वाजता दार उघडेल असं एक घर कोणतं? १८१ हा नंबर तिला पाठ आहे का? जवळचं सखी केंद्र तिने एकदा तरी बघितलं आहे का? २००५च्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे, म्हणजे उडी हाच एक मार्ग नाही, हे तिला सांगितलं का? आणि शेवटी, तिची उंची कोणती? मुलाला हात लावला तर? गळा धरला तर? ती तिची तिने ठरवायची. शांत दिवशी, आपल्या टेबलावर बसून. आपण फक्त लिहून ठेवायचं.

आणि दर सहा महिन्यांनी हे सगळं पुन्हा तपासायचं. फोन नंबर बदलतात, बहीण दुसऱ्या गावाला जाते, खातं बंद पडतं. लागलं नाही म्हणून बघितलं नाही, असं चालणार नाही.

हे आपलं काम, तिचं नाही. आपल्याकडे तालुक्यात रात्री मुक्काम करता येईल अशी जागा नसेल, तर ती मागणं, त्यासाठी तहसीलवर जाऊन बसणं, ही छत्री शिवणं आहे. भाषणातून धीर देणं सोपं असतं. शिवायला वेळ लागतो.

ती बाई? विचाराल म्हणून सांगते. ती अजून त्याच घरात आहे. तिने पोस्टात खातं काढलं. कागदांच्या प्रती बहिणीकडे आणि एक संच आमच्या कपाटात आहे. तिची उंची तिने मला सांगितली आहे, ती मी इथे सांगणार नाही. गेल्या महिन्यात आली तेव्हा तिला माझ्या उडीचा फोटो दाखवला. गाल मागे पळालेले, तोंड उघडं. खूप हसली. मग फोटोतल्या माझ्या मागच्या पिशवीवर बोट ठेवून म्हणाली, ‘यात दोन असतात ना? मग ठीक आहे.’

वॉशिंग मशीन अजून आलेलं नाही. पुढच्या भिशीत बघू.